घरचीच आहे ती

९ जानेवारी

प्रिय चित्रकार,

हा मायना वाचून तू हसशील, नाहीतर पत्र बाजूला ठेवशील. मला दुसरा सुचला नाही. ‘चि. सौ.’ लिहायचा हक्क गेला. नुसत्या नावाने मी तुला कधी हाक मारली नव्हती, आणि ‘मॅडम’ म्हणायला माझी जीभ वळत नाही. म्हणून तुझ्या कामाच्या नावाने सुरुवात करते. पत्रही कामाचंच आहे.

मला तुझ्याकडून चित्रं काढून हवी आहेत. रीतसर, पैसे देऊन.

हॉस्पिटलातून निवृत्त झाल्यावर मी पुढच्या खोलीत गुडघेदुखीवाल्यांचा व्यायामाचा वर्ग सुरू केला, तो तुला आठवत असेल. तू होतीस तेव्हा दोघी-तिघी यायच्या. आता शेजारून खुर्च्या मागून आणाव्या लागतात. घरी जाऊन करा म्हटलं की सगळे मान डोलावतात आणि पुढच्या वेळी भलताच पाय वर करून दाखवतात. म्हणून मी स्वतःचे फोटो काढून छापले. ते सपशेल फसलं. फोटोत कुणी गुडघा बघतच नाही. एकीने विचारलं, मागचा पडदा कुठून आणला. शेजारच्या शिंपीकाकांनी दुकान बंद केलं तरी डोळा तोच आहे. ते म्हणाले, बाई, तुमच्या पायजम्याची शिवण तिरपी आलीय. चित्रात नको ते गाळता येतं, असं तूच एकदा म्हणाली होतीस. चौदा व्यायामांची पुस्तिका करायची आहे.

फोन मुद्दामच केला नाही. फोनवर माणसाला तिथल्या तिथे हो किंवा नाही म्हणावं लागतं. पत्राला सावकाश उत्तर दे. नुसतं ‘नको’ आलं तरी मी वाईट वाटून घेणार नाही. म्हणजे घेईन, पण तुला कळवणार नाही.

आणखी एक. तू या घरात होतीस तेव्हा तुझी कामं माझा मुलगा बघायचा. तू चित्रं काढ, माणसं मी सांभाळतो, म्हणायचा. गिऱ्हाइकाला सांगायचा ‘झालंच बघा’, तुला सांगायचा ‘पैसे अजून आलेच नाहीत’, आणि दोन्हींत तथ्य नसायचं. तो प्रकाशक दारात उभा राहून तुला नाही नाही ते बोलला, तेव्हा मी आत कपड्यांच्या घड्या घालत होते. घालतच राहिले. यावर जास्त लिहीत नाही, लिहून काही उपयोग नाही. एवढंच सांगते की या कामात मध्ये कुणी नसेल.

गुडघेवाली बाई
(वर्गात मला याच नावाने ओळखतात)


२४ जानेवारी

प्रिय चित्रकार,

तुझं उत्तर मिळालं. तू ‘आदरणीय मॅडम’ लिहिलंस. बरं.

अटींचं पान मी नीट वाचलं. अर्धी रक्कम आधी, उरलेली काम हातात आल्यावर आठवड्याभरात. कच्ची चित्रं दाखवल्यावर बदल दोनदा, त्यापुढे वेगळे पैसे. जे काही सांगायचं ते लेखी. आणि चित्रं फक्त माझ्या वर्गाच्या पुस्तिकेपुरती. इतर कुठे वापरायची झाली तर आधी तुला विचारायचं, त्याचं वेगळं ठरेल.

खरं सांगू? पहिल्यांदा वाचताना घरमालकाची नोटीस आल्यासारखं वाटलं. मनात आलं, माझ्याकडून सही घेतेय ही पोरगी. मग हॉस्पिटल आठवलं. शस्त्रक्रियेआधी आम्ही पेशंटच्या घरच्यांची सही घ्यायचो, तेव्हा कुणी बिथरलं तर मीच समजावायचे: यात अविश्वास नाही हो, काय होणार आहे ते दोघांनाही माहीत असावं एवढंच. दुसऱ्याला सांगायला किती सोपं असतं.

सही करून पाठवते आहे. पैसेही आजच पाठवले, बघून घे.

गुडघेवाली


५ फेब्रुवारी

प्रिय चित्रकार,

मी जास्तीची पाठवलेली रक्कम परत आली. सोबत तुझी एक ओळ: ‘ठरल्याप्रमाणे एवढीच.’

चूक होऊन जास्त गेली, असं लिहायला मी बसले होते. तो कागद फाडला. माझ्या मुलाने तुझे किती पैसे अडकवले असतील याचा मी आपला एक अंदाज केला होता, आणि ते गुपचूप आगाऊ रकमेत मिसळून दिले. वाटलं होतं, तू बघणार नाहीस. चित्रकार हिशेबाच्या बाबतीत भोळे असतात अशी आमच्या घरात एक समजूत होती, नाही का? त्या समजुतीवर कुणाकुणाचं भागलं, ते आता सांगायला नको.

तू परत पाठवलेस ते योग्य केलंस. ते देणं त्याचं आहे. मी माझ्या चित्रांच्या आडून ते फेडायला गेले असते, तर तुझ्या हातात ना कामाचे पैसे धड राहिले असते ना न्याय. त्याला मी फोनवर हे सांगितलं.  तो म्हणाला, “आई, तू तिच्या बाजूने झालीस.” मी म्हटलं, मी गिऱ्हाइकाच्या बाजूने आहे, सध्या मीच गिऱ्हाईक आहे.

आता काम. कच्ची चित्रं मिळाली. रेषा इतकी स्वच्छ आहे की बघत राहावं. पण माझ्या कामाच्या दृष्टीने त्यातली बरीच चुकली आहेत. तिसऱ्या चित्रात बाईने पाय उचललाय, पण गुडघा किंचित वाकलाय. असं केलं तर सगळा भार कंबरेवर येतो आणि ती चार दिवसांत अंथरूण धरेल. पाचव्यात टाच उलट्या दिशेला आहे. तुझा दोष नाही, मी तुला वर्णन लिहून पाठवलं, आणि वर्णनाने गुडघा सरळ होत नाही. मी इथून उंटावरून शेळ्या हाकतेय.

तुला एकदा यावं लागेल. मंगळवारी सकाळी वर्ग असतो. येण्याजाण्याचा खर्च आणि त्या दिवसाचं मानधन मी देईन, ते तुझ्या पानावर लिहिलेलं नव्हतं, म्हणून विचारून घेते: किती? माझा मुलगा इथे राहत नाही. दुसऱ्या गावी नोकरीला आहे. दार मीच उघडेन.

गुडघेवाली


१९ फेब्रुवारी

प्रिय पोरी,

आलीस. मायना बदललाय, चालत नसेल तर तसं कळव.

तू गेल्यावर वर्गात दुसरा विषयच नव्हता. शिंपीकाका सांगत सुटलेत की चित्रकाराने त्यांनाच उभं केलं, कारण त्यांची ठेवण चांगली आहे. वास्तविक बाकीच्यांनी लाजून पाय पोटाशी घेतले होते आणि ते एकटेच आपण होऊन पुढे आले. खुर्चीवर बसून पाय ताणून धरला आणि तुझी पेन्सिल थांबेपर्यंत खाली ठेवला नाही. दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, मांडी भरून आलीय, पण कुणाला सांगू नका. मी तुला सांगते आहे.

तू खिडकीशी स्टुलावर बसलीस ते मी बघत होते. पूर्वी तू त्या खोलीत चित्र काढायचीस तेव्हा कुणी आलं की पटकन वही मिटायचीस. या वेळी मिटली नाहीस. आणि मग तू म्हणालीस, मांडीचा स्नायू घट्ट होतो म्हणजे नक्की काय होतं ते मला कळत नाहीये, हात लावून बघू का? मी टॉवेलची गुंडाळी गुडघ्याखाली घेतली आणि दाबली. तुझा तळवा माझ्या मांडीवर होता. “आत्ता?” तू विचारलंस. “आत्ता,” मी म्हटलं. “आणि आता सोडला.” लहान मुलासारखी तू पुन्हा पुन्हा करून बघायला लावलंस. इतक्या वर्षांत शेकडो गुडघ्यांना मी हात लावला असेल, माझ्या गुडघ्याला असा कुणी लावला नव्हता.

चहा तू उभ्याउभ्याच घेतलास. असो. जाताना म्हणालीस, बदल असतील ते लिहून कळवा. कळवते.

सुधारलेल्या चित्रांत गुडघे अचूक आहेत, एकालाही नाव ठेवायला जागा नाही. तेवढं बाईचं पोट थोडं वाढव. इतक्या सडपातळ बाईला बघून माझ्या वर्गातल्या बायका म्हणतील, हिला काय होतंय करायला. शिंपीकाकांचं म्हणणं, त्यांचे कान मोठे आलेत. ते मोठेच आहेत, बदलू नकोस.

आणि नववं चित्र. जिन्याची एक पायरी चढणारी ती बाई मी आहे, हे मला कळलं. तू मला फार शांत काढलंयस. मी तशी नाही. पण हा बदल मागायचा की नाही ते ठरत नाहीये. राहू दे.

गुडघेवाली


११ मार्च

प्रिय पोरी,

पुस्तिका छापून आली. उरलेली रक्कम तुला सकाळीच पाठवली, शाई वाळायच्या आत.

वर्गात वाटली. मग एकेकीने पान उघडून, चित्र खुर्चीला टेकवून, न सांगता पाय उचलला. सरळ. मला काही बोलावंच लागलं नाही. मी मागे उभी राहून नुसती बघत होते. शिक्षकाच्या नशिबात असे दिवस थोडे असतात.

तुझी पावती मिळाली. खाली पेनाने तू लिहिलंयस: ‘या वर्षात न मागता वेळेवर आलेले हे पहिले पैसे.’ मला आनंद व्हायला हवा होता. झालाही, पण जास्त राग आला, त्या बाकीच्यांचा. मागताना तुला किती कानकोंडं होतं ते मला ठाऊक आहे. भीड भिकेची बहीण, असं माझी आई म्हणायची. पण भीड मागणाऱ्याला का वाटावी? थकवणाऱ्याला वाटायला हवी.

तू असंही लिहिलंस की शिंपीकाकांना एक मूळ चित्र भेट द्यायचं आहे. द्यायला स्वतः ये. मी पोचवणारी नाही.

गुडघेवाली


२८ मार्च

पोरी,

हे पत्र शेवटपर्यंत वाच. मी एक गोष्ट केली आहे आणि ती तुला दुसऱ्या कुणाकडून कळायच्या आत माझ्याकडून कळायला हवी.

काल मला हॉस्पिटलात बोलावलं होतं. आता आमच्या फिजिओथेरपी विभागाची प्रमुख आहे ती पूर्वी माझ्या हाताखाली शिकलेली. तिच्या हातात आपली पुस्तिका पडली होती. मोठ्या टेबलाभोवती सगळे बसलेले, मला मधली खुर्ची दिली. म्हणाली, ही चित्रं आपण सगळ्या शाखांच्या भिंतींवर लावू, प्रत्येक पेशंटला छापून देऊ. सगळे माझ्याकडे बघत होते. निवृत्त झाल्यापासून त्या इमारतीत माझ्याकडे असं कुणी बघितलं नव्हतं. मग तिने विचारलं, “चित्रकाराची काही हरकत नसेल ना?”

आणि मी म्हणाले, “छे, घरचीच आहे ती.”

त्यांनी टाळ्या वाजवल्या. फाइल छापखान्याकडे गेली. मी जिना उतरत होते, आणि अर्ध्यावर पाय थांबला. सही मी केली होती. इतर कुठे वापरायचं तर आधी विचारायचं, हे वाचून, समजून, हॉस्पिटलचा दाखला देऊन सही केली होती. तरी विचारल्याबरोबर तुझ्या वतीने ‘हो’ म्हणून मोकळी झाले. माझा मुलगा याहून वेगळं काय करायचा? तोही म्हणायचा, तिचं काही नसतं हो, घरचं काम आहे. ‘घरची’ म्हटलं की विचारावं लागत नाही आणि पैसेही द्यावे लागत नाहीत. आणि ज्या नात्याचा कागद फाडला गेला ते नातं मी कुणाला विचारून पुन्हा जोडलं? तुला तर नाही.

आज सकाळी प्रमुखबाईंना फोन करून छपाई थांबवली. मी चूक बोलले, चित्रं माझी नाहीत, परवानगी देणारी मी नव्हे, असं सांगितलं. ती वैतागली. कार्यक्रमाची तारीख ठरली आहे. म्हणाली, मग आम्ही इंटरनेटवरची फुकट चित्रं घेऊ. तेव्हा असंही होऊ शकेल की माझ्या जिभेपायी तुझं मोठं काम गेलं. तेही लपवत नाही. तिला तुझा कामाचा पत्ता दिला आहे, जो तुझ्या अटींच्या पानावर छापलेलाच आहे. तुझ्या वतीने यापुढे एक शब्द बोलणार नाही.

माफ कर असं लिहिलं की तुझ्यावर उत्तर द्यायची जबाबदारी येते. म्हणून लिहीत नाही.


१७ एप्रिल

पोरी,

उत्तराची वाट बघत नाही. दोन गोष्टी घडल्या, त्या तुला माहीत असाव्यात, म्हणून लिहिते.

प्रमुखबाईंचा पुन्हा फोन आला. फुकटच्या चित्रांत गुडघे वाकलेले निघाले. मला म्हणाली, तुम्ही जरा तिला समजावा ना, तुमचं ऐकेल. मी म्हटलं, ती ऐकेल की नाही हा प्रश्नच नाही, मी सांगणार नाही. दर तिचा, अटी तिच्या, बोलायचं तर तिच्याशी.  आपल्याच विद्यार्थिनीला नाही म्हणायला या वयात शिकते आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे माझा मुलगा येऊन गेला. जेवला, मग तुझा पत्ता मागितला. हप्त्याहप्त्याने का होईना, देणं फेडायचं म्हणतो. खरं वाटलं मला, पण मी त्याची आई आहे, माझ्या वाटण्यावर जाऊ नकोस. पत्ता दिला नाही. तिला विचारीन, ती हो म्हणाली तर देईन, एवढंच म्हटलं. तो रागावला नाही. जाताना नववं चित्र बघत उभा राहिला. म्हणाला, “तू अशीच दिसतेस, आई.” मी म्हटलं, चल, गाडी चुकेल.

पत्ता देऊ का? हो, नको, किंवा आत्ता नको, यातलं जे असेल ते. काहीच कळवलं नाहीस तर मी ‘नको’ समजेन.


६ मे

पोरी,

परवाचं सगळं तुझ्यासमोरच घडलं, तरी लिहिते आहे. लिहिल्याशिवाय मला पटत नाही असं झालंय.

दार उघडलं तर तू. हॉस्पिटलातूनच सरळ आली होतीस. म्हणालीस, ठरलं त्यांच्याशी. भिंतीवरच्या चित्रांचे वेगळे पैसे, छापील प्रतींचे वेगळे, प्रत्येक चित्राखाली तुझं नाव. आणि तारीख त्यांनीच पुढे ढकलली. मी खुर्चीची पाठ धरून उभी होते. तू म्हणालीस, “तुमचं पत्र वाचून मी खूप चिडले होते. मग हॉस्पिटलचं पत्र आलं. तेव्हा लक्षात आलं, काय झालंय ते मला आधीच माहीत होतं. आजवर मला प्रत्येक गोष्ट सगळ्यांत शेवटी कळत आली होती.”

 बोलले असते तर रडले असते, आणि ते मला लेखीच जमतं.

मुलाबद्दल तू म्हणालीस, पत्ता द्या, पण पैशांचंच लिहायचं, बाकी काही नाही. तसंच शब्दाला शब्द त्याला कळवलं आहे.

मग तू झोळी खांद्यावरून उतरवायला गेलीस, आणि मला दिसलं. उजवा हात कानापर्यंत जात नव्हता. किती दिवस झाले विचारलं तर म्हणालीस, कामं उरकेपर्यंत दुखू दे म्हटलं. चित्र काढणारा हात, आणि दुखू दे! मी तुला खुर्चीवर बसवलं. पाठीमागे उभी राहिले, एक हात खांद्यावर, दुसरा कोपराखाली. सोड, म्हटलं, हाताचं वजन माझ्यावर सोड. तू सोडत नव्हतीस. सवय नसते माणसाला. दुसऱ्याने धरलंय यावर खांद्याचा विश्वास बसायला वेळ लागतो. खिडकीतून भाजीवाल्याची हाळी येऊन गेली, शेजारी कुणीतरी खिळा ठोकत होतं, आणि मग एकदम तुझा हात जड झाला. माझ्या हातात आला.

झाल्यावर तू विचारलंस, “किती झाले?”

‘काही नको गं’ माझ्या ओठांवर आलं होतं. गिळलं. बाहेरच्या पेशंटला सांगते तोच आकडा सांगितला. तू पाकीट काढलंस, डाव्या हाताने नोटा मोजून टेबलावर ठेवल्यास, मी उचलून डब्यात टाकल्या. ना तुझं माझ्याकडे काही, ना माझं तुझ्याकडे. मला वाटलं, आता तू झोळी उचलशील. मी बाजूलाही झाले, तुला वाट द्यायला.

तू पाय वर खुर्चीवर घेतलेस आणि म्हणालीस, “शिंपीकाका किती वाजता येतात? तोवर बसते.”

ते त्या दिवशी आलेच नाहीत. तू संध्याकाळपर्यंत होतीस.

खांद्याला अजून पाच-सहा वेळा यावं लागेल, मंगळवारी वर्ग सुटल्यावर. तो बरा झाला की काय करायचं ते मी ठरवलेलं नाही. ते तू सांग.

तुझी
आई
(चालत नसेल तर कळव. लेखी.)